मेंढरांचं मीठ

बिराप्पा मेंढरू झाला, ही बातमी भाद्रपदातल्या एका सकाळी वस्तीच्या विहिरीवर उगवली आणि दुपारपर्यंत चालत चालत विट्याला पोचली. विहिरीवर होती तेव्हा ती नुसती दगड चाटण्यापुरती होती. ओढा ओलांडेपर्यंत बिराप्पा चार पायांवर आला. सडकेला लागेपर्यंत त्याच्या कानांमागं लोकर फुटली, आणि बाजारात शेंगा विकायला बसलेल्या बायांच्या कानावर गेली तेव्हा तर तो दोनदा 'बें' करून बायकोच्या हातचा पाला खात होता. करणी कुणी केली असावी यावर दोन मतं होती, आणि दोन्ही मतांच्या बाया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

आता खरं सांगायचं तर यातलं फारच थोडं खरं होतं. बिराप्पा दोनच पायांवर होता, तेही उकिडवा बसलेला. दगड चाटला तो मेंढरांनी, त्यानं चाटलं ते स्वतःचं बोट. 'बें' तर त्यानं मुळीच केलं नव्हतं. हे पाहिलं भामाबाईनं, शेणी गोळा करायच्या निमित्तानं, बाभळीच्या आडून. भामाबाईची नजर तशी अधू, पण जीभ त्याची भरपाई करते. त्याच बाभळीच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक बाई उभी होती आणि तिला मात्र सगळं नीट दिसलं. ती बिराप्पाची बायको, हरणाबाई. स्वतःच्या नवऱ्यावर झाडाआडून नजर ठेवायची वेळ तिच्यावर का आली, ते सांगायला चार-पाच महिने मागं जावं लागेल.

विट्याच्या उगवतीला अडीच कोसांवर धनगरांची वस्ती, अकरा चुलींची. तिथं बिराप्पाचं घर. वय विचारलं तर पन्नास सांगायचा, आणि गेली सहा वर्षं पन्नासच सांगत होता. दिवाळी झाली की सहा घरांची मेंढरं एकत्र करून तो तळ हलवायचा. कराड, मग पाटण, मग कुंभार्लीचा घाट उतरून खाली कोकणात. पुढं बिराप्पा, मागं मेंढरं, त्यांच्यामागं घोड्यावर बिऱ्हाड. सत्तावीस वर्षं हीच वाट. कुठल्या गावचा पाटील शेतात मेंढरं बसवून घेतो आणि कुठला कुत्री सोडतो, हे त्याला तोंडपाठ. घाटातला कुठला दगड यंदा जागेवर नाही, हेसुद्धा तो सांगायचा, आणि ते तपासायला कोण जाणार, म्हणून सगळे मान डोलवायचे.

वाट आणि मीठ, या दोन गोष्टींत आपल्याला कुणी शिकवू नये असं त्याचं म्हणणं होतं. वाटेचं सोडा, मिठाचं मात्र खरंच होतं. खडा उन्हात धरून तो कुठल्या आगराचा ते ओळखायचा. कुठल्या मेंढीला किती, गाभण मेंढीला कधी, पाणी जवळ नसेल तर का द्यायचं नाही, हे सगळं त्याच्या बोटांत बसलं होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र हा हिशेब नव्हता. भाकरीच्या पिठात मीठ, कालवणात मीठ, ताकात मीठ, आणि एवढं करून ताटाच्या डाव्या अंगाला खडेमिठाची एक टेकडी लागायची. आधी चाखावं, मग घालावं, ही रीत त्यानं पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती.

वैशाखात त्याचं पायताण लहान झालं.

"चांभारानं कातडं चोरलं," बिराप्पा म्हणाला.

"तीन सालं वापरल्यावर चोरलं व्हय?" हरणाबाई म्हणाली. तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. खळी पडली. ती उठली, रांजणातून तांब्या भरून आणला, परत बसली, तरी खळी तिथंच.

मग वस्तीवर जे जे ठाऊक होतं ते सगळं झालं. मीठ तव्यावर भाजून पुरचुंडीत बांधलं आणि पायांना शेक दिला. बिराप्पाला शेक मानवला, कारण शेक संपल्यावर पुरचुंडीतले चार खडे तो तोंडात टाकायचा. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. चुलीत मोहऱ्या तडतडल्या, सगळ्यांना बरं वाटलं, फक्त पायांना वाटलं नाही. सूज घोट्यावरून पोटरीवर आली. निजलं की त्याला दम लागायला लागला, म्हणून तो लोकरीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या डोळा लावू लागला. विचारलं तर म्हणायचा, बसून झोपलं की चोर लवकर दिसतो.

हरणाबाई हसली नाही. ती लग्न होऊन या घरात आली त्याच पावसाळ्यात तिचा सासरा गेला होता. पाय सुजले, मग पोट सुजलं, आणि तोही असाच पोत्याला टेकून, चोरांची वाट बघत गेला होता. दुसऱ्या दिवशी तिनं घोड्यावर घोंगडं टाकलं, नवऱ्याला वर बसवलं आणि विट्याला नेलं.

विट्याला आप्पासो डॉक्टरांचा दवाखाना होता. आप्पासो पुण्याला शिकून आलेले, पण बैलगाड्या आणि गोठा असलेल्या घरातले, त्यामुळे त्यांना नाडीबरोबर माणूसही कळायचा. त्यांनी छातीला नळी लावली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, पोटावर टिचक्या मारल्या, बाटलीत लघवी घेऊन ती दिव्यावर तापवून बघितली. नडगी दाबून ते खळीकडं बराच वेळ बघत राहिले.

"बिराप्पा, मेंढराला मीठ दिलं की ते काय करतं?"

"पाण्यावर जातं." डॉक्टरला एवढंसुद्धा माहीत नाही याचं बिराप्पाला वाईट वाटलं.

"किती पितं?"

"प्वाट फुगंस्तवर."

"मग ते पाणी जातं कुठं?"

"जातंय की. मुततंय."

"त्याचं काळीज दणकट आहे म्हणून जातं. तुमचं काळीज दमलंय. तुमच्यात मीठ गेलं की ते पाणी धरून बसतं, सोडत नाही. ते पाणी पायात साठतं, उद्या पोटात साठेल, परवा छातीत. औषध देतो. पण औषध एका हातानं पाणी काढणार आणि तुम्ही दुसऱ्या हातानं मीठ घालणार, तर माझं औषध फुकट. मीठ बंद."

"किती दिस?"

"आधी दिवाळीपर्यंत. मग बघू."

"आणि दिवाळीला वाट धरायची हाय, त्येचं?"

"ते पायांना विचारू. खळी पडायची थांबली तर जा. नाही तर घरी बसा." मग ते हरणाबाईकडं वळले. नवऱ्याशी बोलून झालं, आता कामाचं बोलू, असा त्यांचा चेहरा होता. "लोणचं नाही, पापड नाही, सुकी मासळी नाही. मीठ दिसत नाही तिथंच जास्त असतं."

त्याच सालच्या चैतात सरकारनं मिठावरचा कर उठवला होता. देशभर मीठ मोकळं झालं आणि बिराप्पाच्या घरात त्याच्यावर बंदी आली. विट्याहून परतताना त्यानं हे बोलून दाखवलं, आणि सरकार हे मुद्दाम आपल्यावरच उलटवतं, असं घोड्याला समजावून सांगितलं.

हरणाबाईनं मिठाचं गाडगं उचललं आणि धाकटा दीर आकाराम याच्या घरी नेऊन ठेवलं. लोणच्याची बरणी त्याच्यामागनं गेली. मग ती दहाही चुलींवर फिरली आणि एकेका बाईला सांगून आली, की आमच्या धन्याला आजपासून कुणी भाकरीचा तुकडा द्यायचा नाही. बाया एरवी हरणाबाईचं ऐकत नसत. पण धडधाकट पुरुषाला तोंडावर नाही म्हणायची मोकळीक मिळतेय म्हटल्यावर सगळ्याजणी एका पायावर तयार झाल्या. बिराप्पा सहज म्हणून कुणाच्या ओसरीवर टेकला, की आतून आवाज यायचा, "दाजी, पानी पिऊन घ्या. त्यात मीठ न्हाई."

घरी रोज दोन वेळा तोच तमाशा.

"ह्ये पिठलं हाय, का भित्तीला लावायचा गिलावा?"

"लसूण घातलाय. चिंच घातल्या. खावा."

"चिंचंला सोबत नगं?"

"मिरची हाय की सोबतीला."

"तू आपली सुखात हायस. तुला काय, तू आकारामाच्यात जाऊन खातीस."

हरणाबाईनं ताट पुढं सरकवलं. ती आकारामकडं जेवत नव्हती. पहिल्या दिवसापासून तीसुद्धा आळणीच खात होती. एका घरात दोन कालवणं शिजवायची तर मिठाचं गाडगं परत आणावं लागेल, आणि गाडगं आलं की त्याच्यामागनं नवरा येणार, हे तिला ठाऊक होतं. बिराप्पाला हे तीन आठवड्यांनी कळलं, तेही तिच्या ताटातली आमटी चोरून चाखल्यावर. त्या दिवशी तो मुकाट जेवला. दुसऱ्या दिवशी परत गिलावा काढला.

श्रावणात देशाला स्वराज्य मिळालं. शाळेत साखर वाटली. बिराप्पा ती चिमूट हातावर घेऊन मास्तरांना म्हणाला, "देश सुटला म्हंता. मग माझीच शिक्षा कशी शिल्लक?" मास्तरांना वाटलं, हा चळवळीतला कुणी असावा, आणि त्यांनी त्याला पुढं खुर्चीवर बसवलं.

एवढं सगळं पाळूनही सूज मात्र जाता जात नव्हती. खरं तर ती जायची आणि परत यायची. हरणाबाईनं टकळीवर काळ्या लोकरीचा एक दोरा काढला होता. रोज सकाळी बिराप्पा पाय खाली सोडून बसला की ती तो घोट्याला गुंडाळायची आणि दोन्ही टोकं जिथं मिळतील तिथं गाठ मारायची. शनिवारपर्यंत गाठी आत आत सरकायच्या. सोमवारी सकाळी दोरा पुरायचा नाही, तेव्हा ती गाठ पार टोकाशी मारायची. एकदा झालं, दोनदा झालं. चौथ्या सोमवारीसुद्धा दोरा पुरला नाही, तेव्हा ती दोरा हातात धरून बराच वेळ नवऱ्याच्या तोंडाकडं बघत बसली. तोंड अगदी निर्मळ होतं. तेच तिला आवडलं नाही.

गौरी बसल्या त्या दिवशी आकाराम येऊन बसला. आकाराम स्वभावानं गरीब, भावाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला. त्यानं घोंगडं चारदा झटकलं आणि म्हणाला, "दादा, यंदा तुमी घरी ऱ्हावा. म्या नेतो मेंढरं. वाट ठावी हाय मला."

"तुला कराडपातूर ठावी हाय," बिराप्पा म्हणाला. "घाटात तुज्या आधी मेंढरं उतरतील आणि तुला वाट इचारतील."

हसला तो, पण त्या दिवशी त्यानं भाकरी अर्धी टाकली. कालवणाला नावसुद्धा ठेवलं नाही. हरणाबाईला त्या न ठेवलेल्या नावाची धास्ती बसली. घरी बसलेला बिराप्पा कसा दिसेल ते तिनं आताच बघितलं होतं. सूज त्याला दोन वर्षांत नेईल, घरी बसणं एका हिवाळ्यात नेईल, असं तिला वाटलं.

पहिल्यांदा तिचा संशय भामाबाईवर गेला. रविवारी ही बाई चोरून लोणचं पुरवत असणार. तिनं जाऊन सरळ विचारलं. भामाबाईनं बिरोबाची शपथ घेतली आणि वर म्हणाली, "हरणाक्का, माज्या घरात लोणचं असतं तर म्या तरी तुज्या नवऱ्याला दिलं असतं व्हय?" हे पटण्यासारखं होतं. मग दोघींनी मिळून विचार केला, की रविवारी बिराप्पा जातो तरी कुठं. कुठंच जात नाही. माळावर मेंढरांपाशी जातो. आयतवार हा बिरोबाचा वार. त्या दिवशी मेंढरांना मीठ द्यायचं असतं.

दोघींनी पुढचा रविवार ठरवून टाकला.

म्हणून त्या रविवारी बाभळीला दोन अंगांनी दोन बाया उभ्या होत्या. माळावर सपाट दगडांची एक रांग आहे, चाटून चाटून गुळगुळीत झालेली. बिराप्पा खांद्यावर मिठाची लोकरीची पिशवी घेऊन आला, दगडांवर पाण्याचा हात फिरवला आणि ओणवा होऊन 'हुर्र हुर्र' केलं. मेंढरं चहूबाजूंनी गोळा झाली. मग तो उकिडवा बसला. एका दगडावर मूठ, एक चिमूट तोंडात. दुसऱ्या दगडावर मूठ, एक चिमूट तोंडात. बारा दगड होते. बाराव्या दगडाशी त्यानं बोट ओलं करून पिशवीचा तळ पुसला, बोट चाटलं आणि डोळे मिटून घेतले. शेजारी एक म्हातारी मेंढी डोळे मिटून तेच करत होती. भामाबाई इथूनच विहिरीकडं पळाली.

हरणाबाई बाभळीआडून पुढं आली. बिराप्पानं डोळे उघडले, पण दचकला नाही. चोरी करतोय असं त्याच्या मनातच नव्हतं.

"काय करताय ह्ये?"

"मीठ घालतोय मेंढरांस्नी."

"आणि तोंडात काय घातलंसा?"

"अगं, त्ये चाखायला लागतंय. माज्या बापानं शिकवलंय. मीठ कडवट निघालं तर मेंढराला हगवण लागती. धनगरानं आधी जिभेवर घेतल्याबगार मेंढरापुढं टाकायचं न्हाई."

"बारा येळा?"

"बारा दगड हायती."

"पिशवी एकच हाय."

बिराप्पानं रिकामी पिशवी मांडीवर घेतली. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "हरणे, डाक्टरनं माणसाचं मीठ बंद केलंय. ह्ये मेंढरांचं हाय. बिरोबापुढं ठेवून आणलेलं, कवा घरात न्हेलेलं न्हाई, कवा चुलीवर चढलेलं न्हाई. ह्ये काय माणसाच्या अंगाला लागतंय?"

तिनं कमरेला खोचलेला तो काळा दोरा काढला आणि त्याच्या पायापाशी खाली बसली. सोमवारच्या गाठी बाहेर होत्या, शनिवारच्या आत. एकेक गाठ त्याच्या बोटाखालून सरकवत तिनं त्याला आयतवार मोजून दाखवले. बिराप्पाला अक्षर येत नव्हतं, पण गाठी वाचता येत होत्या. मेंढरांची गणती तो गाठींवरच ठेवायचा. दोरा त्यानं दोनदा बोटांतून सरकवला. दुसऱ्यांदा फार सावकाश.

"म्हंजी ह्ये बी लागतंय," तो म्हणाला.

"लागतंय."

"बाप असाच चाखायचा."

"ठावं हाय," हरणाबाई म्हणाली. "आणि मामंजी कसं गेलं ते म्या बघितलंय."

त्यानं दोरा तिच्या हातात परत दिला. मग बिराप्पानं शेवटची अडचण काढली. "मग चाखायचं कुणी? न चाखता घालायचं न्हाई."

"म्या चाखते."

"बाई माणसानं आयतवारचं मीठ घातलेलं कधी ऐकलं न्हाई. मेंढरं येनार न्हाईत तुज्या हाकंला."

पुढच्या रविवारी हरणाबाईनं पिशवी खांद्याला लावली. एक खडा जिभेवर ठेवला, थुंकला, आणि नवऱ्यासारखं ओणवं न होता, उभ्यानंच साधी हाक मारली. आळणी खाऊन तीन महिने झालेल्या जिभेला तो एक खडा केवढा लागला असेल, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मेंढरं तिला हाक संपवू देईनात. म्हाताऱ्या मेंढीनं तर वाटेत बसलेल्या बिराप्पाला बाजूला ढकललं. आजारपणात एवढा अपमान त्याला कधी वाटला नव्हता. दोन दिवस तो त्या मेंढीशी बोलला नाही.

पण सोमवारी दोरा पुरला. त्याच्या पुढच्या सोमवारी टोकं एकमेकांवर गेली. दसऱ्याला तो घोंगडं अंथरून आडवा झोपला आणि असा घोरला की आकारामची कुत्री भुंकली. दिवाळीच्या आधी आप्पासोंनी नडगी दाबली, परत दाबली, दुसरी दाबली.

"खळी नाही," ते म्हणाले. "पण हे गेलं असं समजू नका. ते ताब्यात आलंय, एवढंच. चढाला घोड्यावर बसायचं. औषधाची बाटली चुकवायची नाही. आणि मीठ..."

"दिवाळी झाली की बघू म्हणाला हुता तुमी," बिराप्पानं आठवण दिली.

"बघितलं," डॉक्टर म्हणाले. "बंदच."

हरणाबाईनं मग एकच गोष्ट मागून घेतली. मिठाची पिशवी आपल्याकडं राहील, वाटेवरसुद्धा, कोकणात उतरून परत येईपर्यंत. बिराप्पानं वाट मागितली. ती आकारामनं खुशीनं देऊन टाकली, कारण घाटाविषयी दादा म्हणाला ते खरं होतं.

भाऊबीज झाली आणि तळ हलला. सगळी वस्ती ओढ्यापर्यंत पोचवायला गेली. हरणाबाई पिशवी खांद्याला लावून पुढं निघाली आणि सहा घरांची मेंढरं तिच्यामागं अशी लागली की धुरळ्यात ती दिसेनाशी झाली. बिराप्पा काठी घेऊन मागनं येत होता, पायताण पायात, म्होरक्याच्या रुबाबात, पण सगळ्यांच्या शेवटी. भामाबाईनं एवढी संधी सोडणं शक्यच नव्हतं.

"काय दाजी," ती म्हणाली, "मेंढरं तर हरणाक्काच्या मागनं निघाली. मग तुमी कशाला चाललाय एवढा घाट तुडवत? ऱ्हावा की घरी."

बिराप्पानं काठी या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली.

"पिशवी तिच्यापाशी हाय," तो म्हणाला. "म्या घरी ऱ्हाऊन काय भित्ती चाटू?"